ताक फुंकून पिणाऱ्यांविषयी

द्वितीय वर्ष कला (मानसशास्त्र)

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. एकदा अद्दल घडली की मनुष्य नको तेथेही सावधगिरी बाळगतो, असा तिचा अर्थ लिहून आपण मराठीच्या पेपरात गुणही मिळवले आहेत. पण वाचकहो, ही म्हण नेहमी कोणाच्या तोंडी असते, याचा कधी विचार केला आहे का? ती पोळलेल्या माणसाच्या तोंडी कधीच नसते. ती असते शेजारी बसून पाहणाऱ्याच्या तोंडी. त्याचे तोंड शाबूत असते, म्हणून त्याला हसू येते. बिचाऱ्या फुंकणाऱ्याला कोणी विचारतच नाही की बाबा, तुला काय झाले होते?

मला या लेखात त्या फुंकणाऱ्याची बाजू मांडायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की मोठ्या आघातानंतर माणूस निरुपद्रवी गोष्टींनाही भिऊ लागतो, हा त्याचा मूर्खपणा नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. ती शरीराने आणि मनाने शिकलेली गोष्ट आहे. शिकलेली गोष्ट उपदेशाने जात नाही, हसण्याने तर नाहीच नाही. ती नव्याने शिकावी लागते आणि असे शिकताना सोबत लागते. ही सोबत द्यायला आपण, म्हणजे घर, गाव आणि हे महाविद्यालय, कमी पडतो. माझी तक्रार एवढीच आहे.

आपल्या तत्त्वज्ञानात रज्जुसर्पाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. अंधारात दोरी सापासारखी दिसते, माणूस घाबरतो. दिवा आणला की दोरी दोरीच दिसते आणि भय नाहीसे होते. अज्ञान गेले की भीती गेली, असा त्याचा सारांश. ब्रह्मज्ञानाच्या बाबतीत ते खरे असेल, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याला एकदा खरोखरच साप चावला आहे, त्याचे काय? दिवा आणला, दोरी दिसली, 'अरे, ही दोरी आहे' असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो, आणि तरीही त्याचे पाय लटपटतात. डोळ्यांना कळले, पण पायांना कळले नाही. ज्ञान आणि भीती या दोघी एकाच घरात राहूनही एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या असतात.

असे का होते? मानसशास्त्राच्या पुस्तकात याला 'उद्दीपक सामान्यीकरण' असे जड नाव आहे. नाव जड असले तरी गोष्ट सोपी आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातील कुत्री आपणा सर्वांना ठाऊक आहेत. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळते, हे कळल्यावर नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. पण लाळ तेवढ्याच आवाजाने सुटत नसे. त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या आवाजानेही ती सुटे. साम्य जितके अधिक, तितकी लाळ अधिक.

हेच भीतीच्या बाबतीत घडते, हे दाखवणारा प्रयोग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी केला व तो १९२० साली प्रसिद्ध झाला. अल्बर्ट नावाने ओळखले जाणारे ते बाळ अवघे अकरा महिन्यांचे होते. त्याला पांढऱ्या उंदराची मुळीच भीती वाटत नव्हती. मग त्याने उंदराला हात लावला की पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडी मारून मोठा आवाज करायचा, असे काही वेळा करण्यात आले. पुढे नुसता उंदीर पाहूनच बाळ रडू लागले. पाच दिवसांनी ते सशाला भ्याले, कुत्र्याला भ्याले, केसाळ कोटाला भ्याले. कापसापासूनही ते दूर सरले. सशाने त्याचे काय केले होते? कापसाने काय केले होते? पण त्याच वेळी लाकडी ठोकळे पुढे ठेवले, की ते शांतपणे खेळू लागे. ठोकळ्यांत आणि उंदरात काही साम्य नव्हते ना! भीती आंधळी असते असे आपण म्हणतो. पण ती अगदीच आंधळी नसते. तिला अंधुक दिसते. जे पांढरे आणि मऊ, ते सारे तिला एकच वाटते.

हा प्रयोग निर्दय होता, हे सांगितलेच पाहिजे. एकाच बाळावरच्या प्रयोगातून एवढे मोठे निष्कर्ष काढण्यावर पुढे पुष्कळ टीकाही झाली. त्या बाळाच्या मनात घातलेली भीती काढून टाकण्याआधीच ते तेथून गेले. आज असा प्रयोग कोणालाही करू दिला जाणार नाही, आणि तेच योग्य आहे. परंतु प्रयोगशाळेबाहेर आयुष्य हा प्रयोग रोज करीत असते. तेथे हातोडी मारणारा कोणाची परवानगी घेत नाही.

भीतीचे हे पसरणे मुळात वाईट नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. कडब्याची पेंढी उचलताना ज्याच्या हाताजवळून नाग सळसळत गेला, तो शेतकरी दुसऱ्या दिवशी तुरीच्या काट्या उचलतानाही आधी काठीने ठोकून पाहतो. त्याने शहाणपणाच केला. नाग फक्त कालच्याच पेंढीत असतो असे मानून चालला असता, तर तो जगला नसता. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग आहे. धोक्याची वर्दी देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो राखणदारासारखा आहे. खळ्यावर कोणी आले की राखणदार आधी आरोळी ठोकतो, मग तोंड पाहतो. दहा वेळा पाहुण्यावर ओरडला तरी चालेल, पण एकदाही चोर सुटता कामा नये, हा त्याचा नियम. एरवी थोड्या वेळाने 'पाहुणाच आहे' असे मन त्याला समजावते आणि तो गप्प होतो. आघात फार मोठा असेल तर मात्र हा राखणदार गप्पच होत नाही. मग पाहुणा, गडी, घरचा मालक, वाऱ्याने हललेले झाड, सर्वांवरच तो रात्रंदिवस ओरडत राहतो. ज्याच्या डोक्यात असा राखणदार बसला आहे, त्याला झोप कशी येणार?

याला आज आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक साध्या आवाजाने थरथरत, त्यांना पुष्कळांनी पळपुटे ठरवले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार या नावाने दाखल झाला तो १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धानंतर. म्हणजे माणसे हजारो वर्षे हे दुःख भोगत होती; त्याला हे नाव मिळायला मात्र विसाव्या शतकाचे शेवटचे दोन दशक उजाडावे लागले. तोपर्यंत त्याला भित्रेपणा, नाटक, किंवा आपल्याकडे 'बाहेरची बाधा', अशीच नावे होती.

पण युद्धाची उदाहरणे मी कशाला देऊ? मी लातूर जिल्ह्यातील आहे. आमच्याकडे हा पाठ पुस्तकातून शिकावा लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. काही सेकंदांतच लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. जी घरे ऊन-वाऱ्यापासून पिढ्यान्‌पिढ्या रक्षण करीत आली, ती रुंद दगडी भिंतींची आणि मातीच्या जड माळवदाची घरेच माणसांच्या अंगावर पडली. शत्रू बाहेरून आला नव्हता. घरानेच घात केला होता.

त्यानंतरचे धक्के कित्येक दिवस बसतच होते, तेव्हा माणसे उघड्यावर झोपली यात नवल नाही. ती भीती खरीच होती. पण नवी, पक्की, भूकंपाचा विचार करून बांधलेली घरे मिळाल्यानंतरही अनेक जण अंगणात आणि पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिले. सामान घरात आणि माणसे बाहेर, असे दृश्य गावोगावी होते. बाहेरून आलेल्यांना याचे आश्चर्य वाटे. एवढे सुरेख घर दिले, तरी यांना त्याची किंमत नाही, असेही कोणी म्हटले असेल. त्यांना हे कळले नाही की घर पक्के आहे हे डोक्याला पटले होते, पण पाठीला पटले नव्हते. जमिनीला पाठ टेकली, वर छप्पर दिसले, की पाठ म्हणे, नको.

माझ्या आईचे माहेर किल्लारीपासून जवळच्याच एका गावी. तेव्हा ती आठ वर्षांची होती. ती सकाळी ढिगाऱ्यातून निघाली, तिचा धाकटा भाऊ निघाला नाही. मला हे सारे कळले ते मी दहावीत असताना, तेही आजीकडून. आईने स्वतः कधी सांगितले नाही. आमचे आजचे घर सिमेंटचे आहे, त्या जुन्या गावापासून दूर आहे. तरीही पावसाळा सोडला तर आई आजही ओसरीवरच झोपते. पावसात आत झोपली तरी दाराला कडी लावू देत नाही. "आसू दे की उघडं, काय चोरी व्हायलीया आपली?" असे म्हणून विषय टाळते. रस्त्याने खडीचा टिपर गेला, घराच्या काचा थरथरल्या, की भाकरी तव्यावर टाकून ती अंगणात येऊन उभी राहते. अनंत चतुर्दशीला ढोलताशा जवळ आला की तिच्या हाताला घाम सुटतो. सर्वांत मला नवल वाटायचे ते याचे, की पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो सुगंध सुटतो, ज्यावर कवी इतके लिहितात, तो आला की आई नाकाला पदर लावते. त्या रात्री तिच्या नाकातोंडात मातीच गेली होती.

मानसशास्त्र शिकू लागल्यावर मी या गोष्टी एका ओळीत मांडून पाहिल्या. जमिनीचा हादरा, मग टिपरची थरथर, मग ढोलाचा दणदणाट, मग बंद दार, मग ओल्या मातीचा वास. विहिरीत दगड टाकला की वर्तुळे उठतात, तशी ही भीती उठलेली आहे. मधोमध खरा धोका आहे आणि कडेला निव्वळ सुगंध. पाण्यातली वर्तुळे कडेला जाताना विरतात. मोठ्या आघातातली वर्तुळे विरत नाहीत, कडेलाही तितकीच उंच राहतात. आजीच्या भाषेत याला 'पोरीनं लई मनाला लावून घेतलंया' म्हणतात. मनाला लावून घेतले हे खरेच आहे. पण घेतले कोणी? मनाने आपणहून घेतले, तिला विचारून नव्हे.

भीती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेही जाते आणि सबंध समाजाची होते, हेही आमच्या भागाने पाहिले आहे. भूकंपानंतर दगडी बांधकामावरचा लोकांचा विश्वासच उडाला. आता दोष काही दगडाचा नव्हता. भिंती रुंद होत्या, पण मातीत रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना जोडणारे आरपार दगड नसत. आणि वर माळवदाचे मणामणाचे ओझे. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छप्पर खाली आले. नीट बांधलेले, कोपऱ्यांना सांधलेले, वरून पट्टीने आवळलेले दगडी घर टिकू शकते, हे स्थापत्यशास्त्र सांगते. पण पोळलेल्या तोंडाला दूध आणि ताक यांतला फरक सांगून काय उपयोग? दोन्ही पांढरेच!

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते, कारण ही फक्त मागच्या पिढीची गोष्ट असती तर मी लिहिले नसते.

आमच्या वर्गात प्रथम वर्षाला एक मुलगी होती. तिच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. ती वीस किलोमीटरवरच्या गावाहून काळ्या-पिवळ्या जीपने येई. एके दिवशी ती जीप वळणावर उलटली. तिला फारसे लागले नाही, डोक्याला चार टाके पडले. पंधरा दिवसांनी ती बरी होऊन परत यायला हवी होती. ती आली नाही. प्रथम तिला जीपमध्ये बसवेना. मग एस.टी.त बसवेना. मग डिझेलचा वास आला की मळमळू लागले. मग मागून हॉर्न वाजला की रस्त्यातच खाली बसू लागली. शेवटी घरासमोरच्या सडकेवर यायचेही तिने सोडले. मैत्रिणी म्हणाल्या, "एवढी काय घाबरट!" घरचे म्हणाले, "हिला पुढं शिकायचंच नाही." कोणी म्हणाले, अपघाताच्या जागी काही तरी लागले आहे, उतारा टाका. आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात सांगितले गेले, की ७५ टक्के हजेरी नसेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणा. टाक्यांचे प्रमाणपत्र पंधरा दिवसांचेच होते. भीतीचे प्रमाणपत्र कोण देणार? तिचे वर्ष गेले. आज ती घरी आहे.

कार्यालयाने नियम पाळला, हे मला मान्य आहे. नियम हवेतच. पण हात मोडलेल्या विद्यार्थ्यासाठी नियमात लेखनिकाची सोय असते, आणि मन मोडलेल्यासाठी काहीच नसते, हे आपल्या नियमांचे अपुरेपण नव्हे काय?

दुसरी गोष्ट मुलींच्या संदर्भात बोलणे भाग आहे. एखाद्या गावात एका मुलीची बसस्टँडवर छेड निघते. त्या मुलीचे महाविद्यालय बंद होते. आणि पुढच्या जूनमध्ये त्या गावातील चार मुलींचा प्रवेशच होत नाही. त्या चौघींना काहीही झालेले नसते. येथे भीती आईबापांच्या मनात पसरली. ज्याने छेड काढली त्याच्यापासून ती बसस्टँडवर गेली, तेथून रस्त्यावर गेली, तेथून मोबाईलवर गेली आणि शेवटी 'कॉलेज' या शब्दावरच येऊन बसली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली आहे. ही भीती किती पातळ भिंतीपलीकडे उभी असते, हे माझ्यासारखीला चांगले माहीत आहे. एक अफवा, एक वाईट बातमी, आणि आमच्यासारख्यांचे पुस्तक मिटते.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. समोर आहे ते खरोखर ताकच आहे का, हे आधी पाहावे. बसस्टँडवर तीच टवाळ पोरे अजून उभी असतील, काळ्या-पिवळीत नऊच्या जागी सोळा माणसे कोंबली जात असतील, तर मुलीच्या मनातली भीती आजार नव्हे. ती अगदी बरोबर आहे. ते दूधच आहे, आणि गरम आहे. तेथे मुलीला धीर देण्यापेक्षा दूध चुलीवरून उतरवणे अगत्याचे. 'तू धीट हो' असे पीडितालाच सांगून आपण पुष्कळदा आपली जबाबदारी टाळतो. भीतीवर उपाय करायचा तो धोका गेल्यानंतर उरलेल्या भीतीवर.

मग या उरलेल्या भीतीवर उपाय काय? आपल्याकडे दोन उपाय फार प्रचलित आहेत, आणि दोन्ही चुकीचे आहेत असे माझे मत आहे.

पहिला उपाय म्हणजे ढकलून देणे. 'विहिरीत टाकले की पोहता येते' या न्यायाने घाबरलेल्याला जबरदस्तीने त्याच जीपमध्ये बसवायचे, त्याच खोलीत कोंडायचे. यातून त्याच्या राखणदाराला एवढेच कळते, की धोका तर आहेच, शिवाय आपली माणसेही विश्वासाची नाहीत. या ढकलण्याचेच भयंकर रूप म्हणजे भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने मायेने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली, तर त्यात मला राग येण्यासारखे काही दिसत नाही. निदान ती जवळ बसते, डोक्यावरून हात फिरवते. पण केस धरून फटके मारणारा तो उपचार नव्हे, तो दुसरा आघात आहे.

दुसरा उपाय वरून दयाळू दिसतो. 'नको जाऊस बाई, घरीच राहा.' याने त्या दिवसापुरते बरे वाटते. परंतु टाळण्याने भीती पोसली जाते. ताक कधी प्यायलेच नाही, तर ते गार आहे हे तोंडाला कळणार कसे? रोज टाळले की भीतीला रोज नवे बळ मिळते, आणि माणसाचे अंगण रोज एक वीत आखूड होते.

या दोहोंच्या मधला मार्ग १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवला. तीन वर्षांचाही न झालेला पीटर नावाचा मुलगा सशाला भीत असे. केसाळ कोट, पिसे, कापूस यांनाही भीत असे. जणू अल्बर्टचाच भाऊ! बाईंनी त्याला आवडीचा खाऊ खायला बसवले आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतका लांब. मग हळूहळू ससा जवळ येत गेला. सशाला न भिणारी दुसरी मुलेही त्या खोलीत त्याच्याबरोबर खेळत. मधे तो आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने घाबरवले, आणि कमावलेले सारे गेले. पुन्हा सुरुवात केली. शेवटी तो सशाला मांडीवर घेऊ लागला, आणि विशेष म्हणजे कापूस, कोट आणि पिसे यांचीही भीती गेली. भीती जशी पसरते, तसा धीरही पसरतो! या बाईंना पुढे वर्तनोपचाराची जननी म्हटले गेले. आज तज्ज्ञ ज्या पद्धतीने अशा भीतीवर उपचार करतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ येथे आहे.

या छोट्या प्रयोगात मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सुरुवात सोसेल तेवढ्यापासून. गती घाबरलेल्याची, बरे करणाऱ्याची नव्हे. सोबत, न भिणाऱ्यांची आणि न हसणाऱ्यांची. आणि घसरण झाली तर दोष न देता पुन्हा पहिल्यापासून. चौथी गोष्ट आपण हमखास विसरतो. 'विलोपन' म्हणजे भीती पाटीवरून पुसणे नव्हे, तर जुन्या अक्षरांशेजारी नवी अक्षरे लिहिणे. जुनी अक्षरे राहतात, आणि एखाद्या वाईट दिवशी तीच आधी वाचली जातात. तेव्हा 'झाली होतीस ना बरी, पुन्हा काय?' हे वाक्य कोणी कोणाला बोलू नये.

अर्थात मोठा आघात झालेल्या माणसाला केवळ मैत्रिणींच्या भरवशावर सोडावे असे मी म्हणत नाही. ते तज्ज्ञांचे काम आहे, आणि शासकीय व्यवस्थेतून मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक आपल्या सूचनाफलकावर, वसतिगृहाच्या दारावर आणि ग्रंथालयात मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे.

याशिवाय प्राचार्य महोदय आणि गुरुजन यांच्यापुढे मी नम्रपणे तीन गोष्टी ठेवते. एक, अपघात, पूर, आग, घरातील आकस्मिक मृत्यू अथवा अत्याचार यांतून गेलेल्या विद्यार्थ्याच्या हजेरीचा विचार कार्यालयाच्या खिडकीवर न होता, दोन प्राध्यापक आणि एक समुपदेशक यांच्या समितीपुढे व्हावा. दोन, ज्या गावांहून विद्यार्थी येतात तेथे सोबतीची योजना राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत सुरू व्हावी. खाटेवर पडलेल्या मैत्रिणीला आपण पाहायला जातो. सडकेवर न येणाऱ्या मैत्रिणीकडे का जात नाही? प्रथम तिच्या अंगणापर्यंत, मग सडकेपर्यंत, मग थांब्यापर्यंत, आणि तिने हो म्हटले त्या दिवशी एका थांब्यापुरते एस.टी.त. याला पैसा लागत नाही. तीन, मानसशास्त्र विभागाने वर्षातून एकदा पालकांसाठी या विषयावर आमच्या बोलीभाषेत व्याख्यान ठेवावे. कारण मुलीचे पुस्तक मिटायचे की उघडे ठेवायचे, हे शेवटी त्या सभेतच ठरते.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शेजारच्या बाकावर असा कोणी तरी असेल. फटाका वाजला की दचकणारा, परीक्षेच्या दालनाचे दार लावले की उठून उभा राहणारा, एखाद्या वासाने, एखाद्या गाण्याने एकाएकी गप्प होणारा. त्याला 'त्यात काय भ्यायचं' असे म्हणू नका. कशाचे भ्यायचे ते तुम्हाला माहीत नाही, आणि भ्यायचे नाही हे त्याला माहीत आहे. त्याला विचारा, कुठवर सोबत येऊ? माझ्या त्या मैत्रिणीचा पुनर्प्रवेश येत्या जूनमध्ये व्हावा यासाठी आम्ही चौघींनी अर्ज लिहून दिला आहे. दर रविवारी आम्ही तिच्या गावी जातो. परवा ती थांब्यापर्यंत आली, दोन एस.टी. जाऊ दिल्या आणि परत फिरली. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.